लाल कडेची कोथिंबीर

नाशकात राहून कोथिंबीर डब्यात लावणाऱ्या माणसाची सासुरवाडीत किती दिवस इज्जत राहणार? माझी पहिल्याच रविवारी गेली. योगिताचा धाकटा भाऊ प्रवीण दिंडोरीहून आला होता. त्याचा तिकडे दोन एकर कोथिंबिरीचा मळा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या हातभर लांबीच्या पांढऱ्या डब्याकडे त्याने वाकून पाहिलं आणि मला म्हणाला, "दाजी, एवढी तर आमच्याकडं जुड्या बांधताना खाली सांडती."

योगिता हसून हसून ओट्याला टेकली. तिचे वडील चाळीस वर्षं मार्केटात अडत्या होते. डोळे मिटून जुडी नाकाशी धरायचे आणि ती कुठल्या गावची, आज काढलेली की काल, ते सांगायचे. ते नाक त्यांनी मुलीला दिलं होतं आणि तिला त्याचा भारी तोरा.

"ह्या डब्यातल्या कोथिंबिरीला वास तरी येणार आहे का?" ती म्हणाली.

"माहेरच्या नाकाला नाही येणार," मी म्हटलं, "सासरच्या नाकाने घे."

त्यावर तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. हे सगळं मला इतकं स्वच्छ आठवतं, कारण पुढे तेच वाक्य ती पुन्हा पुन्हा बोलत राहिली आणि मी पुन्हा पुन्हा हसत राहिलो.

डबा मी हौसेने आणलेला नव्हता. माझ्या वडिलांना, दादांना, कंपवात होता. नऊ वर्षं. आधी करंगळी, मग हात, मग चाल, मग बोलणं, शेवटी गिळणं. मी कामावर जात होतो आणि दादांचं सगळं योगिता करत होती. भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं. बँकेतली नोकरी तिने त्यापायी सोडली. एकुलती मुलगी शिकून परदेशी गेली, तिथेच लग्न करून राहिली, तेव्हा लग्नालाही योगिता जाऊ शकली नाही, कारण दादांना दोन दिवससुद्धा कोणाच्या भरवशावर टाकता येत नव्हतं. तक्रार तिने केली नाही. फक्त दादांच्या तेराव्याच्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, मोठी पातेली घासता घासता ती म्हणाली, "दादांचं केलं त्याचं मला काही नाही. पण अहो, आता पुन्हा नाही हो माझ्याच्यानं होणार."

मी "हो" म्हटलं आणि ते वाक्य मनात ठेवून दिलं.

त्यानंतर महिनाभराने आरोग्य योजनेच्या सिस्टर घरी आल्या. कंपवाताचा रुग्ण होऊन गेलेल्या घरांना तेव्हा हे डबे फुकट वाटत होते. नाव 'परसडबा'. सिस्टरनी ओट्यावर तो मांडला आणि शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगितलं.

कंपवात हात थरथरायला लागल्यावर कळतो, पण मेंदूत तो त्याच्या कितीतरी वर्षं आधी येऊन बसलेला असतो. हालचाली सांभाळणाऱ्या पेशी एकेक करून मरत असतात आणि बाहेर कोणाला पत्ता नसतो. मात्र त्या काळात माणसाच्या त्वचेवरच्या तेलाचा वास बदलतो. बदल इतका बारीक की आपल्या नाकाला कळू नये. झाडं मात्र वासाच्याच जगात राहतात. एका झाडाला अळी लागली तर शेजारच्या झाडाला ते हवेतून कळतं आणि ते आपली पानं कडू करून ठेवतं. पानावर डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात, त्यांतून ते हवा आत घेतं. शास्त्रज्ञांनी एवढंच केलं होतं की कोथिंबिरीच्या पेशीत एक कुलूप बसवलं, आणि त्याला किल्ली लागते ती फक्त त्या बदललेल्या वासाची. सहा-आठ आठवडे तो वास रोज जवळ राहिला की कुलूप उघडतं आणि पानाच्या कडेला लाल रंग तयार होतो. जांभळात आणि लाल कोबीत असतो तोच रंग. खाल्ला तरी काही होत नाही.

"आणि कोथिंबीरच का?" योगिताने विचारलं.

"कारण रोज तिच्याजवळ कोणीतरी उभं राहतं, बाई," सिस्टर म्हणाल्या. "ह्याच्यात कॅमेरा नाही, नेट नाही. पान फक्त घराशी बोलतं, बाहेर चुगली करत नाही. पण घरात कोणाला आजार आहे, ते पान सांगत नाही. लाल दिसलं की घरातल्या सगळ्यांनी तपासणीला यायचं."

उपचार निघाले होते. दर पंधरा दिवसांनी मुंबईला जायचं, पाठीच्या कण्यात सुई, दोन दिवस पडून राहायचं, घरचं माणूस जवळ हवं. असं पाच वर्षं. पहिल्या लाल पानापासून सहा महिन्यांच्या आत सुरू केले तर बहुतेकांचा आजार आहे तिथेच थांबतो. नंतर थांबवण्यासारखं फारसं शिल्लक राहत नाही. हे सगळं माहितीपुस्तिकेत होतं. मी ती दोनदा वाचली.

"पानं कोण बघणार?" सिस्टरनी विचारलं.

"हे बघतील," योगिता म्हणाली. "यांच्यासारखी नजर कोणाची नाही."

हे बायकोचं कौतुक नव्हतं, खरंच होतं. मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो. हल्ली दात मशीन छापतं, पण छापलेला दात तोंडात परका दिसतो. शेजारच्या दातांचा पांढरा कुठे पिवळसर, कुठे राखाडी, टोकाला किंचित निळा, हे बघून वरून रंग चढवायला अजून माणूस लागतो. तो माणूस मी. आमच्या भागातल्या निम्म्या हसण्यांवर माझा ब्रश फिरलेला आहे.

दादा गेल्यावर योगिता खरंच मोकळी झाली. तिने कोथिंबीर वडीचं काम सुरू केलं. दर शनिवारी पहाटे प्रवीण मळ्यातली कोथिंबीर आणून टाकायचा आणि दुपारपर्यंत सोसायटीतल्या आणि आसपासच्या घरांतून वड्या संपलेल्या असायच्या. मुलीकडे जाण्यासाठी तिने पासपोर्ट काढला. सकाळी ती खिडकीशी, ओट्याच्या उजव्या टोकाला ठेवलेल्या स्टुलावर बसून चहा प्यायची आणि मी डाव्या बाजूला गॅसशी उभा राहून पोहे करायचो. लग्नाला तीस वर्षं होत आली होती आणि आम्ही पहिल्यांदाच सकाळी निवांत गप्पा मारत होतो. मला ते दिवस फार आवडायचे.

डबा आल्यावर सात महिन्यांनी, डिसेंबरातल्या एका सकाळी, मला ती कड दिसली.

दुसऱ्या कोणाला दिसली नसती. उजवीकडच्या दोन पानांच्या दातेरी कडेला केसाएवढी तांबूस रेघ. ब्रशच्या पांढऱ्या दांड्यावर पान ठेवून मी पाहिलं. खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा भास असेल म्हणून आडोशाला नेऊन पाहिलं. भास नव्हता.

त्याच क्षणी मला माहीत होतं की हे माझंच आहे. दादांना होता, त्यांच्या काकांना होता, आता माझी पाळी. आमच्या घरात हा आजार आडनावासारखा चालत आलेला, अशी माझी लहानपणापासून समजूत. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की बहुतेक रुग्णांच्या घराण्यात आधी कोणालाच नसतो. ते मी वाचलं होतं आणि ते आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकलं होतं.

आत योगिताची चप्पल वाजली. मी दोन्ही पानं खुडली आणि फोडणीत टाकली.

पहिल्या दिवशी घाबरून खुडली, हे मी कबूल करतो. पण दुसऱ्या दिवसापासून मी त्याला एक थोर कारण जोडलं. मी तपासणीला गेलो तर योगिताला कळणार. कळलं की पाच वर्षं पंधरा-पंधरा दिवसांनी ती माझ्या उशाशी. मुलीकडे जाणं गेलं, वड्या गेल्या, सगळं गेलं. तिने पातेली घासताना एकच गोष्ट मागितली होती. मी ठरवलं की ती तिला द्यायची. होईल ते होईल. हात थरथरायला अजून चार वर्षं लागतील, तेवढी चार वर्षं तरी तिची. मी एवढा मोठा त्याग करतोय आणि कोणाला माहीत नाही, याचं मला स्वतःशी कौतुकही वाटायचं. आता ते आठवलं की स्वतःची किळस येते.

काम सोपं होतं. दिवेलागणीनंतर झाडाचं पान तोडायचं नाही, झाड झोपलेलं असतं, हा योगिताचा माहेरचा नियम. त्यामुळे संध्याकाळी ती डब्याकडे फिरकायची नाही. सकाळी तिच्या आधी अर्धा तास उठलं की झालं. कोथिंबीर कचऱ्यात टाकणं तर त्या घरात पापच, आणि केराच्या डब्यात लाल पानं दिसली असती. म्हणून मी ती टोमॅटोच्या सारात घालायचो, आमटीत घालायचो, शनिवारी प्रवीणच्या ढिगाऱ्यात मिसळून द्यायचो. लाल पानं नेहमी उजवीकडेच जास्त यायची. उजवीकडे ऊन जास्त, असं मी मनाशी म्हटलं. उजवीकडे काय होतं ते मी पाहिलं नाही. उजवीकडे तिचं स्टूल होतं.

रोज मी स्वतःच्या हातांवर पाळत ठेवायचो. दातावर रंग चढवताना ब्रश हलला तर तो खाली ठेवून बोटं पसरून बघायचो. रात्री जेवताना चमचा जास्त वेळ धरून ठेवायचो. करंगळी हलते आहे असं मला शंभरदा तरी वाटलं असेल.

आणि समोर काय चाललं होतं? योगिता दर दिवाळीत मसाल्याच्या डब्यांवर नवी लेबलं लावायची. बँकेतलं टपोरं अक्षर, धने, जिरे, हळद. लाल पानं दिसू लागल्यावर आलेल्या दिवाळीत अक्षरं इतकी बारीक आली की मी म्हटलं, "काय गं, शाई महागली का?" ती म्हणाली, "आपोआपच लहान येतंय." मी हसलो. एकदा ती शेजारी उभी असताना फोडणी करपली, घरभर धूर झाला. मी म्हटलं, "वड्यांचं डोक्यात गेलंय तुझ्या." आणि डब्यातली कोथिंबीर मी रोज नाकाशी धरायचो तेव्हा ती म्हणायची, "उगीच नका हुंगू. तुमच्या कोथिंबिरीला वासच नाही." मी म्हणायचो, "माहेरचं नाक!"

तो शनिवार त्या दिवाळीनंतरच्या फेब्रुवारीतला. प्रवीण जुड्या घेऊन आला. गावठी कोथिंबीर, बारीक पानांची, काड्या जांभळट. तो दारात असतानाच जिन्यापर्यंत वास गेला होता. योगिता आत केस विंचरत होती. मला लहर आली. मी त्यातली मूठभर कोथिंबीर काढली, पाण्याखाली धरली आणि प्रवीणला डोळा मारला.

"आज तुझ्या बहिणीचा तोरा उतरवतो," मी त्याला म्हटलं.

ती बाहेर आली. मी मूठ पुढे केली. "ही बघ, आज आमच्या डब्याने कमाल केली आहे. वास घे."

तिने नाकाशी धरली आणि लगेच बाजूला केली. "काही नाही. नुसता पाला."

प्रवीण ओरडलाच. "ताई! अगं माझी आहे ती! आपल्या मळ्यातली!"

आम्ही दोघं टाळ्या देऊन हसलो. "पकडली!" मी म्हटलं. "इतके दिवस नुसती नावं ठेवत होतीस. न हुंगताच निकाल!"

तीही हसायला लागली होती. मग तिने ती मूठ पुन्हा नाकाशी नेली. डोळे मिटले, अगदी तिचे वडील मिटायचे तसे. पानं बोटांनी चुरडली आणि पुन्हा हुंगली. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "खरंच येत नाहीये."

"सर्दी असेल, ताई," प्रवीण म्हणाला.

"असेल. बरेच दिवस झाले. कशाचाच येत नाही नीट."

मी हसत होतो ते तसंच तोंडावर राहिलं. दादांच्या करंगळीच्या कितीतरी आधी, एका दुपारी गॅसवरचं दूध करपून कोळसा झालं होतं आणि ते शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. वास कसा नाही आला, म्हणून आई त्यांच्यावर किती चिडली होती. दादा म्हणाले होते, "सर्दी असेल."

सोमवारी लॅबला सुट्टी टाकून मी एकटाच तपासणीला गेलो. त्वचेवरून कापसाचा बोळा फिरवायचा, एका खोलीत अर्धा तास बसायचं, डोक्याचं एक चित्र काढायचं, एवढंच असतं. मी देवभोळा माणूस नाही. पण निकालाची वाट बघत त्या बाकावर बसून मी हात जोडले आणि म्हटलं, मला असू दे. दोघांनाही असलं तरी चालेल, पण मला असू दे, म्हणजे ती पानं माझीही ठरतील. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे काही मागितलं आणि तो आजार मागितला.

खिडकीतल्या मुलीने कागद दिला आणि हसून म्हणाली, "काही नाही, काका. एकदम क्लिअर. पेढे द्या."

घरात माणसं दोन होती.

योगिताला मी सांगितलं की तुझ्या वासाचं एकदा दाखवून येऊ. ती लगेच तयार झाली, वड्यांना मीठ कमी-जास्त होतं म्हणून तिलाही काळजी होती. डॉक्टर खैरनार नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या. मग तिला एकच वाक्य पाच वेळा लिहायला लावलं. पाचव्या ओळीला अक्षर मुंगीएवढं झालं होतं. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि योगिताला आजाराचं नाव सांगितलं. ते नाव तिला नवीन नव्हतं. तिने फक्त पदराचं टोक मुठीत धरलं.

"एक कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या घरी परसडबा आहे अशी नोंद दिसते. पान लाल झालं नाही कधी?"

"नाही," योगिता म्हणाली. "हे रोज सकाळी बघतात. दातांतले सोळा पांढरे वेगळे ओळखणारा माणूस आहे, डॉक्टर. यांच्या नजरेतून सुटायचं नाही. तुमचा डबाच बिघडला असेल."

मला वाटलं, आत्ता गप्प बसलो तर हे असंच राहील. डबा बिघडलेला होता, संपलं. तिला कधीच कळणार नाही. मी गप्प बसू शकलो असतो. पण ती माझी बाजू इतक्या ठामपणे मांडत होती की ते मला सोसवेना.

"झालं होतं," मी म्हणालो. "मी खुडत होतो."

"केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौदा महिने."

डॉक्टरांनी समोरची नोंद बंद केली. मग माझ्याकडे न बघता योगिताला म्हणाल्या, "औषधं आहेत. त्रास कमी ठेवता येईल. पण ते दुसरे उपचार, थांबवणारे, ते आता..." आणि त्यांनी नुसती मान हलवली.

आम्ही घरी आलो. दिवे लागले होते. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिच्या स्टुलावर बसली. मी दारात उभा राहिलो.

"कुठल्या बाजूची व्हायची लाल?"

"उजव्या."

तिने डब्याच्या उजव्या टोकाला हात लावला. तिच्या खांद्यापासून ते वीतभरही लांब नव्हतं.

"तुम्हाला वाटलं, तुमचं आहे."

"हो. तू म्हणाली होतीस, पुन्हा तुझ्याच्यानं होणार नाही."

"तेराव्याच्या दिवशी पातेली घासणारी बाई काहीही बोलते, अहो! नऊ वर्षांची दमलेली होते मी. ते तुम्ही दगडावर कोरून ठेवलंत?" तिचा आवाज चढला. "तुमचं असतं तर मी केलं नसतं का? रडत रडत केलं असतं, पण केलं असतं. मला विचारायचं तरी. माझं ठरवणारे तुम्ही कोण?"

मी दाराची चौकट धरली.

"आणि ते माझं होतं," ती म्हणाली. "माझं पान होतं ते. मला सांगायला आलं होतं. ते तुम्ही खुडलंत आणि मलाच आमटीत घालून वाढलंत."

मी तिथेच खाली बसून रडलो. ती रडली नाही. ती उठली, आणि जन्मात दिवेलागणीनंतर एक पान न तोडलेल्या त्या बाईने डब्यातली सगळी कोथिंबीर मुळासकट उपटून काढली. माती ओट्यावर, फरशीवर, माझ्या अंगावर पडली. सगळीकडे कोथिंबिरीचा वास भरून राहिला. तो तिला येत नव्हता.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी उठलो तर ती ओट्याशी होती. सिस्टरनी दिलेल्या पुडीतले उरलेले धने तिने पाटावर घेतले होते आणि वाटीच्या बुडाने रगडत होती. धने रगडून दोन फाकी केल्याशिवाय नीट उगवत नाहीत, हे तिनेच मला शिकवलं होतं.

"परत पेरतेस?" मी विचारलं.

"पेरते. पण आता हिला हात लावायचा नाही. लाल होऊ दे, फुलू दे, काय व्हायचं ते होऊ दे." ती थांबली. "आणि तुमच्यासाठी एक काम आहे."

"सांग."

"पान आता काय सांगणार? ते कळलंय. इथून पुढचं तुम्ही सांगायचं. रोज सकाळी. हात हलला तर हलला. पाय घासला तर घासला. बोलणं अडखळलं तर तेही. दादांना आपण रोज 'आज बरे दिसताय' म्हणायचो, आठवतंय? ते डोळ्यांनी विचारत राहायचे आणि आपण खोटं बोलायचो. मला तसलं नको. तुमची नजर आहे ना? मग जे दिसेल ते मला सांगायचं. माझं मला."

"योगिता, हे मला..."

"जमवायचं," ती म्हणाली आणि धने मातीत टाकायला लागली.

तेव्हापासून मी सांगतो. मार्चमध्ये सांगितलं की चालताना डावा हात हलत नाही. मेमध्ये सांगितलं की वडी थापताना अंगठा थरथरतो. ती "बरं" म्हणते, आणि त्या दिवसाचं काम त्याप्रमाणे बदलते. थापायचं बंद करून तिने उंडे वळायचं काम घेतलं, थापतो मी. वड्या सुरू आहेत. मुलीकडेही ती जाऊन आली, महिनाभर राहिली. रोज सकाळी फोनवर समोर बसायची आणि म्हणायची, "बघा आणि सांगा." माफ केलं, असं ती कधी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

डब्यातली कोथिंबीर यंदा कोणी खुडली नाही. उजवीकडची पानं पार लाल झाली, मग झाडं उंच वाढून फुलावर आली. पांढरी बारीक फुलं.

काल शनिवार होता. प्रवीण जुड्या घेऊन आला. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारापासून तो कोथिंबिरीवरून थट्टा करत नाही, पोतं खाली ठेवतो आणि मान खाली घालून चहा पितो. योगिताने एक जुडी उचलून माझ्या नाकाशी धरली.

"सांगा."

"ओल्या मातीचा आहे थोडा," मी म्हटलं. "मग लिंबाच्या सालीसारखा. आज काढलेली आहे."

"आजची नाही, दाजी," प्रवीण हळूच म्हणाला. "काल संध्याकाळी काढली."

"बघ!" योगिता म्हणाली. "तीस वर्षं झाली तरी सासरचं नाक ते सासरचं नाक!"

आणि ती हसली. आवाज तोच, धबधबा सांडावा तसा, खांदेही हलले. प्रवीण कितीतरी महिन्यांनी तिच्याबरोबर हसला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तीस वर्षं ते हसू मी पाहिलं आहे, त्यातल्या दातांचा रंग मला पाठ आहे. गाल वर गेले नाहीत. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या नाहीत. आवाज हसत होता आणि चेहरा गप्प होता. दादांचा असाच झाला होता.

आज नको, मला वाटलं. आज ती इतक्या दिवसांनी हसली आहे. उद्या सांगू.

ती माझ्याकडे बघत होती. "काय?" तिने विचारलं.

मी खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आत्ता तू हसलीस," मी म्हणालो. "चेहऱ्यावर आलं नाही."

प्रवीणने कप खाली ठेवला. योगिताने स्वतःच्या गालाला बोटं लावली, जराशी दाबून पाहिली.

"बरं," ती म्हणाली. "मग हसले की तुम्हाला तोंडाने सांगत जाईन."

आणि तिने पोतं सोडायला घेतलं.